रडणारं बाळ, चपटं डोकं आणि ऑस्टिओपॅथचा सल्ला

प्रश्न : माझा मुलगा सात आठवड्यांचा आहे. आम्ही लंडनजवळ स्लावला राहतो. रोज संध्याकाळी सहा वाजले की त्याचं रडणं सुरू होतं ते नऊ-साडेनऊपर्यंत. पाय पोटाशी घेतो, लालबुंद होतो, कशानेच शांत होत नाही. अंगावरचं दूध पितो, वजन चांगलं वाढतंय. बाळंतपण व्हॅक्यूम लावून झालं. तो सतत उजवीकडेच मान करून झोपतो, त्यामुळे डोकं मागून उजव्या बाजूला चपटं झालंय. सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत. त्या रोज मालीश करतात आणि डोकं गोल व्हावं म्हणून त्यांनी राईची उशी आणली आहे. शेजारीण म्हणते, "जन्मताना डोक्यावर आलेला दाब अजून तसाच आहे, क्रेनियल ऑस्टिओपॅथकडे ने, माझ्या मुलाला दोन वेळांत फरक पडला." नवऱ्याला ते पैसे वाया घालवणं वाटतं. सासूबाई म्हणतात, आपल्याकडची मालीशवाली हेच करते. शिवाय माझी तेरा वर्षांची मुलगी जिम्नॅस्टिक्स करते, तिची कंबर महिनाभर दुखतेय. तिलाही तिथेच दाखव, असं शेजारीण म्हणते. मी काय करू? फार थकले आहे.

उत्तर : तुमच्या एका पत्रात तीन वेगळी दुखणी आहेत : बाळाचं रडणं, त्याची एका बाजूला वळलेली मान आणि मुलीची कंबर. शेजारणीने तिन्हींसाठी एकच दार दाखवलं. माझी उत्तरं तीन वेगवेगळी आहेत. त्यातलं ज्याला तुम्ही सगळ्यात कमी जागा दिलीत, ते मुलीचं दुखणं अंगावर काढण्यासारखं नाही. तरी सुरुवात बाळापासून करते, कारण तुमची झोप त्याने उडवली आहे.

आधी हे ऑस्टिओपॅथ म्हणजे कोण ते पाहू. हा हातांनी करायचा उपचार. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरने तो १८७४ साली मांडला. त्याच्या दहा वर्षं आधी त्याच्या घरातली तीन मुलं मेनिंजायटिसने गेली होती आणि तेव्हाच्या औषधांनी काही झालं नव्हतं. त्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला तो कायमचा. आज अमेरिकेत ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजातून शिकून निघालेले लोक पूर्ण डॉक्टर असतात, औषधं लिहून देतात, ऑपरेशन करतात. तुमच्याकडे ब्रिटनमध्ये तसं नाही. तिथला ऑस्टिओपॅथ सांधे, स्नायू आणि पाठीवर हाताने काम करतो, आणि १९९३ च्या कायद्यामुळे जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलमध्ये नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही. ही नोंदणी महत्त्वाची आहे. त्या माणसाचं शिक्षण झालंय, विमा आहे, काही चुकलं तर तक्रार कुठे करायची ते ठरलेलं आहे, एवढं तिच्यावरून कळतं. त्याचा उपचार तुमच्या बाळाच्या रडण्यावर चालतो की नाही, हे मात्र तिच्यावरून कळत नाही.

शेजारीण म्हणते ती क्रेनियल, म्हणजे कवटीवर हात ठेवून उपचार करणारी शाखा विल्यम सदरलँड या स्टिलच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याची. हाडं सुटी करून मांडलेली कवटी बघताना कानशिलाच्या हाडांच्या तिरप्या कडा त्याला माशाच्या कल्ल्यांसारख्या दिसल्या. ही हाडं श्वासासारखी हळूहळू हलत असणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्यावर पुढे सगळी पद्धत उभी राहिली. बाळाच्या कवटीची हाडं अजून एकमेकांना जुळलेली नसतात, हे खरं आहे. पण बोटांना जाणवते म्हणतात ती लय वेगवेगळ्या उपचारकांनी एकाच माणसाच्या डोक्यावर हात ठेवून मोजली, तेव्हा त्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. ज्या गोष्टीचं मोजमाप दोन हातांत जुळत नाही, तिच्या आधारे माझ्या बाळाच्या डोक्यात काय अडकलंय ते कुणी सांगितलं, तर मी ते मानणार नाही.

'जन्माच्या वेळचा दाब' या गोष्टीचंही तसंच. बाहेर येताना बाळाचं डोकं दबतं, लांबट होतं, हाडं एकमेकांवर चढतात. ती त्यासाठीच सुटी असतात. व्हॅक्यूमच्या कपाने डोक्यावर आलेली सूज काही दिवसांत उतरते. हाडाच्या वर, त्याच्या आवरणाखाली रक्त साचून टेंगूळ आलं असेल तर त्याला काही आठवडे लागतात. हे सगळं आपसूक बरं होतं. सात आठवड्यांनंतर कुणी हाताने काढावा असा दाब आत उरलेला नसतो. बाळंतपणात माझं काही चुकलं आणि ते हा भोगतोय, असं तुमच्या मनात असेल तर ते आजच काढून टाका.

आता रडणं. निरोगी बाळांचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त होतं आणि मग हळूहळू उतरतं. वेळही बहुधा संध्याकाळची. पाय पोटाशी घेणं, मुठी आवळणं, लाल होणं हेही नेहमीचंच. वेसेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९५४ साली कोलिकची, म्हणजे निरोगी बाळाच्या अशा न थांबणाऱ्या रडण्याची, व्याख्या केली : दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त रडणं. तुमचं बाळ त्यात बसतं. बहुतेक बाळं तीन-चार महिन्यांची होईपर्यंत यातून बाहेर पडतात.

शेजारणीचा अनुभव खोटा नाही. पण तिने मुलाला नेलं कधी, हे तिला विचारून बघा. आई-बाप उपचार शोधत निघतात ते रडणं असह्य झाल्यावर, म्हणजे सहा-सात-आठ आठवड्यांना, आणि तेव्हापासून ते कमीच होत जाणार असतं. त्या काळात गुटी द्या, ग्राइप वॉटर द्या, दृष्ट काढा किंवा ऑस्टिओपॅथकडे न्या, श्रेय त्या उपायालाच मिळतं. त्यात आणखी एक गोष्ट असते. शांत खोलीत, ऊबदार हातांत बाळ अर्धा तास पडून राहतं आणि कुणीतरी आईचं म्हणणं घाई न करता ऐकून घेतं. थकलेल्या आईला हे फार मोठं वाटतं, आणि ते आहेही मोठं.

हाताने करायच्या या उपचारांवर झालेल्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली घेतला. त्यात सहा चाचण्या होत्या आणि सगळी मिळून ३२५ बाळं. वरवर पाहता रडणं कमी झालेलं दिसलं. पण आपल्या बाळाला उपचार मिळाला की नाही हे आई-बापांना माहीत नव्हतं, फक्त अशाच चाचण्या वेगळ्या घेऊन पाहिल्यावर भरवसा ठेवावा असा फरक उरला नाही. रडण्याची डायरी आई-बापच लिहितात, म्हणून हा मुद्दा मोठा आहे. एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, पालकांसाठीच्या माहितीतही पाठीवर किंवा कवटीवर दाब देऊन कोलिक बरा होतो याला फारच कमी पुरावा आहे, असं स्पष्ट लिहिलंय. आणि तुमच्या देशात ऑस्टिओपॅथला 'कोलिक बरा करतो' अशी जाहिरात करता येत नाही. एखाद्याच्या वेबसाइटवर तसं दिसलं तर तिथे जाऊ नका.

म्हणून रडण्यासाठी ऑस्टिओपॅथकडे जाऊ नका, असं माझं मत आहे.

पण 'कोलिकच आहे' असं धरून चालण्याआधी बाळाला एकदा नखशिखांत उघडं करून बघा. पायाच्या बोटाला आईचा गळलेला केस गुंडाळला जाऊन बोट लाल-निळं झालेलं असतं आणि बाळ तासन् तास रडत असतं. केस इतका बारीक, की मोजा काढून नीट प्रकाशात धरल्याशिवाय दिसत नाही. जांघेत फुगवटा आहे का तेही बघा. ताप ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून वर, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, फुगलेली टाळू, दूध ओढायचं बंद, नॅपी नेहमीपेक्षा खूप कमी ओल्या होणं, बाळ ढिलं पडणं किंवा रडण्याचा आवाजच वेगळा, किरटा होणं : यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर. जीपी (तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर) बंद असेल तर १११ या आरोग्यसल्ल्याच्या नंबरवर फोन करा. बाळ जागं होत नसेल, निळं पडत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर ९९९ वर फोन करून अँब्युलन्स बोलवा.

आणि डोकं-मान. इथे ऑस्टिओपॅथकडे जावं की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी नीट तपासणी हवी, कारण इथे खरंच काही सापडू शकतं.

बाळाला मांडीवर बसवून, मान धरून, त्याच्या डोक्याकडे सरळ वरून बघा. एका कुशीवर किंवा एकाच बाजूला झोपून चपटं झालेलं डोकं वरून तिरक्या चौकोनासारखं दिसतं. चपट्या बाजूचा कान थोडा पुढे सरकलेला असतो, त्या बाजूचं कपाळही जरासं पुढे आलेलं असतं. असं असेल तर ते फक्त दाबाने झालेलं आहे. मेंदूला त्याने काही होत नाही. पण कवटीवर बोट फिरवताना सांध्याच्या रेषेवर उंचवटा लागला, किंवा कान उलट मागे ओढल्यासारखा वाटला, किंवा डोकं दर आठवड्याला जास्तच वेडंवाकडं होत गेलं, तर हाडं वेळेआधी जुळली नाहीत ना हे तज्ज्ञांनी बघायला हवं. असं क्वचितच होतं, पण त्यावर कुणाच्याही हाताचा उपाय चालत नाही. कधी कधी ऑपरेशन लागतं आणि त्याची वेळ महत्त्वाची असते.

मग मान. समोरून खुळखुळा दाखवत त्याला उजवीकडून डावीकडे न्या. तो डावीकडे पूर्ण वळतो का, की मध्येच अडतो? अडत असेल तर मानेच्या पुढच्या बाजूचा, कानामागून छातीच्या हाडापर्यंत येणारा स्नायू आखडलेला असू शकतो. काही बाळांत त्या स्नायूत सुपारीएवढी गाठही लागते. ती घाबरण्यासारखी नसते, पण डॉक्टरांनी बघितलेली बरी. यावर फिजिओथेरपी हा उपचार आहे. ताण देण्याचे साधे व्यायाम आईला शिकवतात आणि ते दर नॅपी बदलताना करायचे. तीन महिन्यांच्या आत सुरू केले तर बहुतेक बाळांची मान पूर्ण मोकळी होते. अशा बाळांचे खुबेही नीट तपासतात, कारण ही दोन दुखणी कधी कधी जोडीने येतात.

तुमचं बाळ सात आठवड्यांचं आहे, म्हणजे त्याची सहा ते आठ आठवड्यांची तपासणी जीपीकडे आता होणार किंवा नुकतीच झाली असणार. खुबे, हृदय, डोळे, सगळं त्यात बघतात. मान आणि डोकं मुद्दाम दाखवा, "डावीकडे वळत नाही" असं शब्दांत सांगा आणि फिजिओकडे पाठवायला हवं का ते विचारा. तपासणी होऊन गेली असेल तर हेल्थ व्हिजिटरला (लहान बाळांच्या घरी येणाऱ्या नर्सला) फोन करा.

घरी आजपासून करायचं ते असं. झोपवताना नेहमी पाठीवरच. ब्रिटनमध्ये १९९१ पासून हा प्रचार सुरू झाला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या खूप खाली आली. चपटी डोकी त्यानंतर वाढली, पण तो सौदा परवडणारा आहे. पाळण्यात त्याचं डोकं ज्या टोकाला असतं तिथे आता पाय करा, म्हणजे खिडकीकडे किंवा तुमच्याकडे बघायला त्याला डावीकडे वळावं लागेल. बोलायचं, गाणी म्हणायची ती डावीकडून. जागा असताना दिवसातून अनेकदा पालथा घाला, सुरुवातीला तुमच्या छातीवर, एक-दोन मिनिटं का होईना. कार सीटमध्ये प्रवासापुरताच ठेवा. डोकं गोल करायची हेल्मेटं विकायला असतात. नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका नीट केलेल्या चाचणीत हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या बाळांच्या डोक्याच्या आकारात फरक पडला नाही. तेव्हा त्यावरही पैसे घालू नका.

राईची उशी मात्र पाळण्यातून काढावीच लागेल. सासूबाईंनी ती प्रेमाने आणली आहे, त्यांच्या हाताखाली डोकी गोल झाली असतील. पण झोपलेल्या बाळाच्या पाळण्यात कुठलीच उशी नको, नाक दबण्याची भीती असते. हे तुम्ही सांगण्यापेक्षा हेल्थ व्हिजिटर घरी आल्यावर तिच्या तोंडून निघालं तर घरात सोपं जाईल. मालीश चालू राहू द्या. हलक्या हाताने, खोबरेल तेलाने, दूध पिऊन तासभर झाल्यावर. बाळाला ती आवडत असेल तर संध्याकाळी पाचला करा, सहाच्या आधी. मोहरीचं तेल बाळाच्या नाजूक त्वचेला सोसत नाही. टाळूवर दाब नको, नाक ओढून सरळ करणं नको, कानात-नाकात तेल नको, हात-पाय उलटे ओढून कडकड वाजवणं नको. एका बाबतीत सासूबाईंचं बरोबर आहे : हलक्या, सरावलेल्या हाताने बाळाला जो आराम मिळतो तो त्यांच्या मांडीवर फुकट मिळतोय.

एवढं सगळं करूनही तुम्हाला एकदा ऑस्टिओपॅथकडे जावंसं वाटलं, तर मी तुम्हाला रागावणार नाही. पण आधी जीपी, मग तो. फ्रान्समध्ये २००७ पासून नियमच आहे, की सहा महिन्यांखालच्या बाळाच्या कवटीवर, चेहऱ्यावर किंवा कण्यावर ऑस्टिओपॅथने हात चालवायचा तर डॉक्टरांचा दाखला लागतो. ब्रिटनमध्ये तसा नियम नाही, तो तुम्ही स्वतःला घालून घ्या. ऑस्टिओपॅथिक कौन्सिलच्या वेबसाइटवर त्याचं नाव शोधा. फोनवरच विचारा, की बाळाच्या मानेला किंवा पाठीला झटका देणार का, ती जोरात वाकवणार का. उत्तर 'नाही' असंच हवं. क्रेनियल उपचारात हात बहुधा अगदी हलका असतो आणि गंभीर इजा क्वचितच नोंदल्या गेल्या आहेत, पण मान आणि पाठ जोर लावून वाकवल्यावर तीन महिन्यांचं एक बाळ दगावल्याची नोंद डच वैद्यकीय मासिकात २००९ साली आली होती. तो उपचारक तुमच्या जीपीला पत्र लिहायला तयार आहे का, तेही विचारा. पहिल्याच भेटीत सहा-आठ भेटींचं पॅकेज पुढे करणारा, लस लांबवा म्हणणारा, किंवा दमा, कानाचं दुखणं, अंथरूण ओलं करणं, अभ्यासात लक्ष न लागणं असं सगळंच माझ्या हाताने बरं होतं म्हणणारा भेटला, तर बाळाला उचला आणि घरी या.

आता मुलगी. तेरा वर्षांच्या मुलीची कंबर महिनाभर दुखते आणि ती जिम्नॅस्टिक्स करते, हे वाचून मी थांबले. जिम्नॅस्टिक्स, नाच, फास्ट बोलिंग यांत कंबर पुन्हा पुन्हा मागे वाकते आणि वाढत्या वयात खालच्या मणक्याच्या मागच्या कमानीत बारीक चीर पडू शकते. दुखणं कमरेच्या खालच्या भागात, बहुधा एका बाजूला असतं. पुढे वाकताना फारसं नाही, मागे वाकताना कळ येते, विश्रांती घेतली की बरं वाटतं, सराव सुरू झाला की पुन्हा. तिला विचारा, अशीच कळ येते का. येत असेल तर जीपीने बघेपर्यंत जिम्नॅस्टिक्स पूर्ण बंद. स्पर्धा जवळ असली तरी बंद. अशा कमरेला कुणीही झटका देऊन 'मोकळं' करायला नको. वेळेत थांबवलं तर बहुतेकींची कंबर बरी होते आणि त्या खेळात परत जातात.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन उतरणं, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा बिघडणं, यांपैकी काही असेल तर लगेच दाखवा. शेवटचं असेल तर सरळ हॉस्पिटल. तिला पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू उंच दिसली तर कण्याला बाक आहे का ते तपासून घ्या. ऑस्टिओपॅथीने असा बाक सरळ होत नाही. दुखणं पाळीच्या दिवसांतच येतं का, हे तिला एकांतात विचारा. आजी-बाबांसमोर ती सांगणार नाही.

तपासणीत काही निघालं नाही आणि स्नायूंचंच दुखणं ठरलं, तर फिजिओ किंवा ऑस्टिओपॅथ दोघांकडेही जायला माझी हरकत नाही. हाताने उपचार करून घेतल्यावर काही दिवस बरं वाटतं. ते टिकतं पोटाच्या-पाठीच्या व्यायामाने आणि सराव हळूहळू वाढवण्याने. तुम्ही खोलीत बसा. कुठे हात लावणार, कुठले कपडे काढावे लागतील, हे आधी तिला विचारलं गेलं पाहिजे, आणि ती 'नको' म्हणाली तर तिथेच थांबलं पाहिजे.

राहिलात तुम्ही. संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास एकट्याने काढायचे नाहीत. पहिला दीड तास नवऱ्याचा, पुढचा सासूबाईंचा, तुम्ही दार लावून झोपा. दूध प्यायलं, नॅपी कोरडी, ताप नाही आणि तरी रडतोय, तर त्याने थांबलंच पाहिजे असं नाही. आणि कधी रडणं डोक्यात जायला लागलं, हात थरथरायला लागले, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दुसऱ्या खोलीत जा, पाच-दहा मिनिटांनी परत या. त्याने बाळाला काही होत नाही. हलवण्याने, गदागदा करण्याने होतं, आणि ते कधीच भरून येत नाही. नवऱ्यालाही हे याच शब्दांत सांगा. रडणाऱ्या बाळांच्या आई-बापांसाठी ब्रिटनमध्ये क्राय-सिस ही संस्था फोनवर बोलते, तिचा नंबर हेल्थ व्हिजिटरकडून घ्या.

जीपीकडची बाळाची तपासणी असते तशी त्याच सुमारास बाळंतिणीचीही असते. वेळ घेताना दोघांसाठी मागा. बाळ झोपल्यावरही तुम्हाला झोप येत नसेल, उगाच रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ते तिथे तोंडाने बोलून दाखवा. तसले विचार येत असतील तर त्या तारखेची वाट न बघता आजच फोन करा. मुलीची वेळही त्याच फोनवर मागून घ्या.